पावणेपाच लाखाचं किचन आणि वडगावचं घर

अगं,

कोटेशन मिळालं. 4 लाख 75 हजार. मला आधी वाटलं वरचा मजला चढवतायत की काय, मग खाली वाचलं तर ॲक्रिलिकची शटरं, सॉफ्ट क्लोज, टॉल युनिट, आणि कोपऱ्यात ते गोल फिरणारं कपाट. तुझा प्रश्न एवढाच की काका, दोन वर्षांनी बेळगावातलं हे वडगावचं घर विकायचंच आहे तर आत्ता किचन नवीन केलं की पैसे वसूल होतील काय. फोनवर हो-नाही सांगून झालं असतं, पण मग तू परत त्या किचनवाल्याचं ऐकलं असतंस, म्हणून सगळं लिहूनच काढतोय, रात्री जेवण झाल्यावर सावकाश वाच.

वसूल होणार नाहीत. निम्मेसुद्धा धरून चालू नकोस.

आता का ते बघ. तीस वर्षं बँकांसाठी घरांची किंमत काढत फिरलोय, त्यात आम्ही करतो काय तर आधी जागा आणि बांधकाम वेगळं काढतो. तुमचा साईट, म्हंजे प्लॉट, तीस बाय चाळीस फुटाचा, म्हंजे 1200 स्क्वेअर फूट. समज फुटाला 4000 धरले (हिशोबापुरतंच हं, तुमच्या गल्लीचा दर म्हणून बाबांना सांगू नकोस, ते लगेच 5000 म्हणतील) तर जागेचेच 48 लाख झाले. बांधकाम 900 फूट, आज तसंच घर नवीन बांधायला 1800 नं समज 16 लाख 20 हजार. पण घराला 30 वर्षं झालीत. आरसीसीच्या घराचं आयुष्य 60 धरतात, शेवटी भंगार म्हणून 10 टक्के उरतात असं मानतात, उरलेले 90 टक्के 60 वर्षांत सारखे झिजवायचे, म्हंजे तुमचं 45 टक्के झिजलं. राहिले 8 लाख 91 हजार. सगळं मिळून 57 लाखाच्या आसपास, आणि त्यातले 48 नुसती माती आहे. वडगावची माती आहे, विणकराच्या मागाखालची असली तरी ती महागच होत चाललीय, तिला तुझ्या शटरच्या रंगाशी काही देणंघेणं नाही.

यात किचन कुठं आलं? कट्ट्याला ग्रॅनाईट असला, टाईल्स नीट बसलेल्या असल्या तर मी बांधकामाचा दर जरा वर धरतो. समज 1800 चा 1900 केला. 900 फुटाला 90 हजार वाढले, त्यातला घसारा गेला की उरले 49 हजार 500. बास. ट्रॉल्या, चिमणी, टॉल युनिट हे सगळं आमच्या लेखी फर्निचर, उद्या काढून नेता येतंय, बहुतेक वेळा रिपोर्टात ते घेतच नाही.

तू म्हणशील गिऱ्हाईक काय तुमचा रिपोर्ट बघून घर घेतंय? नाही घेत, पण पैसे बँकेकडनंच आणतंय की. 30 लाखाच्या वर आणि 75 लाखापर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, आणि ती किंमत म्हंजे माझ्यासारख्यानं लिहिलेली. तुझ्या किचनपायी तू चार लाख जास्त मागितलेस तर ते चार लाख त्यानं खिशातनं रोख घालायला पाहिजेत. कोण घालतंय सांग.

तू पाठवलेले अमेरिकेचे आकडे खोटे नाहीत. तिकडं दरवर्षी खर्च आणि विक्रीला मिळणारी किंमत यांचा रिपोर्ट निघतो, 2024 च्या रिपोर्टात किचनच्या किरकोळ डागडुजीचे 96 टक्के परत येतात असं आहे, तेच तू धरून बसलीयस. पण त्याच रिपोर्टात भारीतलं आख्खं किचन केलं तर 38 टक्केच येतात असंही आहे, ते तुझ्या किचनवाल्यानं दाखवलं नसेल. आणि तिकडची किरकोळ डागडुजी म्हंजे कपाटं आहेत तीच ठेवून नुसती दारं बदलणं, कट्टा, सिंक, नळ, शेगडी बदलणं, रंग मारणं. तुझं कोटेशन दुसऱ्या जातीचं आहे.

माझंच सांगतो. अनगोळचं माझं जुनं घर विकायच्या आधी मी हौसेनं लाल चकचकीत किचन करून घेतलं होतं, अडीच लाख घातले, बायकोनं नको नको म्हटलं तरी. मी व्हॅल्युअर, मला कोण शिकवणार! गिऱ्हाईक आलं, नवराबायको आणि म्हातारी आई. म्हातारीनं सगळं कौतुकानं बघितलं, मग कट्ट्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, पूर्व कुठली? शेगडीकडं तोंड केलं की दक्षिण येत होती. झालं. घर घेतलं त्यांनी, पण शेजारचं घर ज्या दरानं गेलं होतं त्याच दरानं, आणि महिन्याभरात कट्टा फोडून दुसऱ्या भिंतीला नेला. माझी लाल शटरं गणपतीच्या मांडवाच्या सामानाला टेकवून ठेवलेली मी स्वतः बघितली. तेव्हापासनं विकायच्या घरात कुणी रंग निवडत बसलं की मला पोटात कसंतरी होतंय.

मग गिऱ्हाईक किचनमध्ये बघतंय काय? हे नीट ऐक, कारण किचन बघून कुणी दोन लाख जास्त देत नाही पण किचन बघून दोन लाख कमी मात्र हमखास करतात. घर बघायला बाई आली की ती ट्रॉली एकदाच ओढून बघते. नंतर कट्ट्यासमोर उभी राहते आणि हात परातीएवढा फिरवून बघते, भाकरी थापायला जागा पुरते काय, कट्टा उंच होतोय काय, शेगडीशेजारी काठवट ठेवली तर बाजूला ताट मावतंय काय. मग नळ सोडते. मग खाली वाकून सिंकखालचं कपाट उघडते आणि वास घेते. नवरा तोवर गच्चीवर टाकी बघत असतो. वासातच सौदा बिघडतो बघ. ओलीचा कुबट वास आला की तिच्या मनात फक्त कपाट येत नाही, आख्खी भिंत, स्लॅब, ड्रेनेज, सगळंच सडलंय असं येतं, आणि बेळगावच्या पावसात ते खोटंही नसतंय.

तुमच्या किचनची मागची भिंत मला आठवते, मागच्या पावसाळ्यात आलो होतो तेव्हा रंगाचे पापुद्रे निघत होते. बाबा म्हणाले पावसाची ओल. मला तरी ती पावसाची वाटत नाही, ओल खालनं सिंकच्या बाजूनं चढलीय, जुनी लोखंडी पाईप भिंतीत आहे ती आतनं गंजलेली असणार. त्या भिंतीवर प्लायवूडची कपाटं ठोकलीस तर मागची ओल दिसायची बंद होईल, थांबणार नाही. आणि दोन पावसाळ्यांत प्लाय फुगला की नवीन किचनच जुन्यापेक्षा वाईट दिसणार, तेही नेमकं विकायच्या वर्षी. कोटेशनमध्ये नुसतं 'प्लाय' लिहिलंय, आयएस 710 या मानकाचा आहे की साध्या 303 चा त्याचा पत्ता नाही, 710 म्हंजे मरीन, पाण्याला टिकतो. हे विचारलंस तर किचनवाला खोकायला लागेल.

म्हणून पैसे घालायचेच असतील तर भिंतीच्या आत घाल. जुनी पाईप काढून सीपीव्हीसीची, म्हंजे प्लास्टिकची, टाकून घे, सिंकचं आउटलेट आणि जमिनीतली सांडपाण्याची जाळी, नहाणी ट्रॅप, बदल, मागच्या भिंतीचं प्लास्टर ओलीच्या वरपर्यंत खरवडून नवीन करून घे आणि ती पूर्ण वाळू दे. घाई करून रंग मारू नका, इथं लोक तिथंच चुकतात. कडप्पाचा कट्टा काढून ग्रॅनाईट बसव, इलकलचा लाल घेतलास तर आपल्याच भागातला आहे, काळा घेतलास तर जास्त लोकांना चालतो, मी काळाच म्हणेन. खोल सिंक, दोन 16 अँपिअरचे पॉईंट नवीन वायर ओढून, एक एक्झॉस्ट फॅन, कट्ट्यावर पांढरा लाईट. टाईल्स फिक्या. जुन्या कपाटांना फक्त नवीन दारं. हे सगळं लाख-सव्वा लाखात बसायला पाहिजे, गवंडी ओळखीचा असला तर. यातले पैसे 'वाढले' असं कुठं दिसणार नाही, पण गिऱ्हाईक सिंकखाली वाकेल आणि काही न बोलता उठेल. तेच पाहिजे आपल्याला.

आणि मागचं परसू. तुझ्या आईनं, वहिनींनी, तिथं भांडी घासायचा कट्टा केलाय, वर पत्रा आहे, ते तसंच राहू दे, स्वच्छ करून वॉशिंग मशीनचा नळ आणि पॉईंट काढून ठेव, आजकाल सगळे 'युटिलिटी आहे काय' म्हणून विचारतात. पण किचनवाल्यानं ड्रॉइंगमध्ये मागची भिंत पाडून किचन परसात पाच फूट वाढवलंय, ते अजिबात करू नकोस. ती जागा मंजूर प्लॅनमध्ये मोकळी सोडलेली आहे. तिथं बांधलेलं बँकेचा माणूस मोजत नाही, उलट 'प्लॅनपेक्षा जादा बांधकाम' असा शेरा मारतो आणि मग गिऱ्हाईकाचं कर्ज अडकतं. मी स्वतः असे शेरे मारलेत, शिव्याही खाल्ल्यात.

त्यापेक्षा खरं काम दुसरीकडंच आहे, आणि त्याला ग्रॅनाईटच्या एका पट्टीएवढाही खर्च नाही. ई-खाता, म्हंजे घराच्या मालकीच्या नोंदीचा ऑनलाईन उतारा, झालाय काय? आता त्याच्याशिवाय रजिस्ट्रेशन होत नाही. घर आजोबांच्या नावावरनं बाबांच्या नावावर आलंय ते मला माहीत आहे, पण खात्यावर नाव चढलंय काय, मोजमाप बरोबर आहे काय, कन्नडमधला उतारा कुणाकडनं तरी नीट वाचून घे, अंदाजानं मान हलवू नकोस. कर्नाटक सरकारच्या नोंदणीच्या कावेरी पोर्टलवरनं ई.सी., म्हंजे घरावर काही बोजा आहे काय त्याचा दाखला, काढ. घरपट्टी भरलेल्या पावत्या एका फाईलला लाव. किचन चकाचक आणि खात्यात नावाचं स्पेलिंग चुकलेलं, अशी घरं सहा सहा महिने अडकून पडलेली मी बघितलीत, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक हिंडलग्याला दुसरं घर घेऊन मोकळं होतंय.

कामाची बिलं मात्र जपून ठेव, बँकेतनं पैसे दे. विकताना नफ्यावर टॅक्स लागतो तेव्हा पाईप-प्लास्टर-कट्टा असलं कायमचं सुधारकाम खर्चात दाखवता येऊ शकतं, नुसता रंग-डागडुजी आणि सुटं फर्निचर दाखवता येत नाही. घर 2001 च्या आधीचं आहे म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमतही काढून घ्यावी लागेल, ती मी काढून देईन, बाकीचं सी.ए.ला विचार.

आता एक गोष्ट राहिली, ती तू विचारलीच नाहीस. दोन वर्षं त्या किचनमध्ये उभं कोण राहणार आहे? तू पुण्यात. बाबा चहासुद्धा करत नाहीत. वहिनींचे गुडघे दुखतात, खालच्या कपाटातनं कुकर काढताना त्या एक हात कट्ट्याला धरतात, मी बघितलंय. त्यांना विचारलंस काय काय पाहिजे ते? खाली दोन खोल ट्रॉल्या, कुकर आणि डबे वाकल्याशिवाय निघतील अशा, एवढं त्यांच्यासाठी करायचं असेल तर बिनधास्त कर, त्यात वसुली बघू नकोस, आईला नवीन साडी घेताना बघतेस काय? फक्त त्या खर्चाला घराच्या किमतीच्या वहीत लिहू नकोस. आणि विकायचं रद्द झालं, तूच परत आलीस बेळगावला, तर मग तुझं लाल-पिवळं काय ते कर, मी उद्घाटनाला कुंदा घेऊन येतो.

किचनवाल्याला ॲडव्हान्स अजून दिला नसशील अशी आशा आहे. रविवारी मला शहापूरला एक घर बघायला जायचंच आहे, तिथनं अकराच्या सुमारास तुमच्याकडं येतो. टेप आणि टॉर्च माझ्याकडं आहे. वहिनींना फोन करून सिंकखालचं कपाट तेवढं रिकामं करून ठेवायला सांग, आणि बाबांना सांग की आदल्या रात्रीपासनं किचनचा नळ अजिबात सोडू नका, भिंत कुठनं ओली होतेय ते मला कोरड्यावर बघायचंय.

काका