किडनी बदलल्यावर तबला पहिल्यासारखा वाजवता येतो का? सरांचे हात थरथरतात

तुमच्या सरांच्या ऑपरेशनला दोन महिने झालेत आणि हात थरथरतो म्हणून ते तबल्यावर बसायलाच तयार नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. वाजवता येतो. मी वाजवतो. २०१८च्या ऑगस्टमध्ये मला किडनी मिळाली, त्याआधी अडीच वर्षं डायलिसिसवर होतो.

आधी थरथरीबद्दल. सरांना बहुतेक टॅक्रोलिमस चालू असेल, सकाळी आठ आणि रात्री आठ. नव्या किडनीला शरीराने परकी म्हणून हाकलू नये यासाठी ही गोळी असते आणि हात थरथरणं हा तिचा नेहमीचा त्रास आहे. सुरुवातीचे महिने डोस जास्त असतो, म्हणून थरथरही जास्त. गंमत अशी की द्रुतात, म्हणजे जलद लयीत, ती कुणाला कळत नाही. तिरकिट, धिरधिर चालू असताना बोटांना थरथरायला सवडच नसते. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात मात्र 'ना' हा बोल वाजवण्याआधी हात उचलून क्षणभर थांबतो ना, तिथे सगळं उघडं पडतं. मला वाटायचं, समोरच्या रांगेतल्या प्रत्येकाला माझं बोट दिसतंय.

आता माझा मूर्खपणा सांगतो, म्हणजे सर तो करणार नाहीत. चौथ्या महिन्यात एका घरगुती मैफलीत साथ करायची होती. हात स्थिर राहावा म्हणून मी आठ दिवस रात्रीची गोळी गुपचूप अर्धी केली. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. हात खरंच थोडा थांबला, मैफल बरी झाली. पुढच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते, १.२ वरून १.९! मग बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी, आणि तीन दिवस स्टिरॉइडची इंजेक्शनं. डॉक्टर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "थरथर होते हे मला सांगायचं होतंत." त्यांनी रक्तातली औषधाची पातळी बघत पुढे सावकाश डोस उतरवला आणि वर्षभरात थरथर ऐंशी टक्के गेली. तेव्हा सरांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, 'मी तबला वाजवतो, हात थरथरतो.' आपण तबलजी आहोत हे त्यांच्या फाइलीत कुठेच नसतं.

तबलजी असल्याचं सांगणं मला त्याआधी एकदाच उपयोगी पडलं होतं. डायलिसिससाठी हातात फिस्टुला करतात, म्हणजे धमनी आणि शीर जोडतात. शक्यतो डाव्या हातात, मनगटाजवळ. पण डग्ग्यावर मी तेच मनगट दाबून घुमारा काढणार! सर्जनना डग्गा कसा वाजतो ते टेबलावर वाजवून दाखवलं. त्यांनी शिरा तपासल्या आणि कोपराजवळ केला. तिथे आजही बोट ठेवलं की आत झणझण लागते, रात्री हात उशीखाली गेला तर ऐकूही येते.

पहिल्यासारखा वाजतो का? नाही, अगदी पहिल्यासारखा नाही. उजवा हात जवळपास पूर्ण परत आला. डाव्याचा घुमारा थोडा उथळ झालाय, तो माझा मलाच कळतो. दोन तास साथ करतो, रात्रभर नाही. कायदे, म्हणजे रियाजाच्या ठरलेल्या रचना, पुन्हा बराबरीच्या, म्हणजे एकपटीच्या, लयीपासून घोटले, चौदा वर्षांच्या पोरासारखे. त्याचा फायदाच झाला म्हणा, कारण माझी 'धिरधिर' आधीपासूनच जरा गचाळ होती.

तुम्ही दात्याबद्दलही विचारलंय. मृत दात्याचं नाव सांगत नाहीत. यादीत नंबर आल्यावर दोनदा मला बोलावून परत पाठवलं होतं. एका किडनीसाठी एकापेक्षा जास्त पेशंटना बोलावून ठेवतात, क्रॉसमॅच, म्हणजे दात्याशी रक्त जुळतं का याची तपासणी, ज्याची जुळेल त्याला मिळते. तिसऱ्या वेळी रात्री सव्वादोनला फोन आला. १९९४च्या कायद्याप्रमाणे दाता ब्रेनडेड आहे, म्हणजे त्याचा मेंदू कायमचा बंद पडलाय, याची तपासणी दोनदा करावी लागते, मध्ये किमान सहा तास जावे लागतात. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, कुणाच्या तरी घरचे आयसीयूबाहेर बसून होते, त्या वेळी मी घरी वरणभात जेवून झोपायची तयारी करत होतो. त्यांनी हो म्हटलं. आभार मानायला पत्ता नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तबला लावला तेव्हा नुसता 'ना' वाजवत बसलो, दहा-पंधरा मिनिटं, बाकी काही सुचलं नाही.

जाता जाता एक. डॉक्टरांच्या यादीत ग्रेपफ्रूट नको असं लिहिलेलं असतं आणि ते आपल्याकडे कोण खातं म्हणून आपण सोडून देतो. पपनसही त्याच जातीचं. गणपतीत माझ्या बहिणीने कौतुकाने सोललेलं वाटीभर पपनस मला परत द्यावं लागलं.

नवी किडनी पोटात उजवीकडे किंवा डावीकडे खाली बसवतात, त्यामुळे मांडी घालून पुढे वाकलं की सुरुवातीला ओढ लागते. मी दोन महिने खुर्चीवर बसून, समोर स्टुलावर तबला ठेवून वाजवायचो. सरांना दिवसाला दहा मिनिटं एवढ्यानेच सुरू करायला सांगा, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. आणि डग्ग्याची पिशवी इतक्यात त्यांना उचलू देऊ नका. ऐकणार नाहीत, तेव्हा ते चपला घालेपर्यंत तुम्हीच उचला.