वाचकांचे प्रश्न : निर्वासितांना कपडे पाठवावेत की पैसे?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेने बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांसाठी वापरलेले कपडे, चादरी आणि भांडी गोळा केली आहेत. ही खोकी तेथवर पोहोचवावीत कशी? काही सभासदांच्या मते पैसे दिले तर ते कुठे मुरतील याचा भरवसा नाही, वस्तू निदान गरजूच्या हाती पडतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सभासदांची शंका रास्त आहे, मात्र वस्तूंबद्दलचा त्यांचा भरवसा अनाठायी आहे. परदेशातील छावणीकडे निघालेल्या खोक्यामागे जहाजाचे भाडे, सीमाशुल्काची कागदपत्रे, बंदरावरील गोदाम आणि तेथून पुढचा ट्रक एवढे सगळे लागते, आणि हा खर्च जुन्या कपड्यांच्या किमतीला सहज मागे टाकतो. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले होते, आणि ती तर देशातल्या देशात केलेली मदत होती.

शिवाय छावणीत नेमके काय अडले आहे, हे दुरून उमगत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये म्यानमारच्या राखाइन प्रांतात लष्कराने हिंसाचार आरंभल्यावर काही महिन्यांतच सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. कुतुपालोंगच्या टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या, तांदूळ-डाळ मिळू लागली. पण ती शिजवायची कशावर? सरपणासाठी बायका-मुले जंगलात जात, तेथे हत्तींची भीती. झोपडीत धूर कोंडे. झाडे गेल्याने टेकड्या उघड्या पडून पावसाळ्यात दरडींचा धोका वाढला, आणि त्याच जंगलावर चूल पेटवणारे मूळचे गावकरीही नाराज झाले. 2018 पासून मदतसंस्थांनी निर्वासित कुटुंबांना, आणि आसपासच्या काही गावकऱ्यांनाही, गॅसची शेगडी व सिलिंडर देण्यास सुरुवात केली. त्यानंतर सरपणाची तोड पुष्कळच कमी झाली आणि उघड्या टेकड्यांवर पुन्हा लागवड करता आली. जुन्या वस्तूंच्या कोणत्याही संकलनात सिलिंडर आला नसता. तो पैशांतूनच आला.

पैसे मुरण्याच्या भीतीबद्दलही तेथील व्यवस्था पाहावी. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम माणशी दरमहा ठरावीक रक्कम कुटुंबाच्या कार्डावर जमा करतो आणि छावणीतील नेमून दिलेल्या दुकानांतून ते कुटुंब धान्य, तेल, भाजी, सुकी मासळी असे हवे ते घेते, त्यामुळे खरेदीची नोंद राहते आणि घरात काय शिजवायचे हे गृहिणीच ठरवते. ही रक्कम माणशी 12 डॉलर होती. देणग्या आटल्यामुळे मार्च 2023 मध्ये ती 10 वर आणि जूनमध्ये 8 डॉलरवर आणावी लागली. पुढच्या वर्षी ती पुन्हा वाढवण्यात आली. महिनाभराच्या जेवणातून एकतृतीयांश भाग काढून घेतला जातो तेव्हा उणीव चादरींची नसते, हे सभेत अवश्य सांगावे.

तेव्हा जमलेले धडके कपडे आधी विचारून जवळच्या एखाद्या निवारागृहाला द्यावेत, भांडी मोडीत काढावीत, आणि येणाऱ्या पैशांत सभासदांची वर्गणी घालून ती रक्कम निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पाठवावी. दरमहा थोडी रक्कम दिली तर अधिक उत्तम, कारण बातम्या थांबल्या की देणग्याही थांबतात, शिधा मात्र दर महिन्याला लागतो.

प्रश्न : अशा देणगीवर आयकरात सवलत मिळते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : संस्था भारतात त्यासाठी नोंदणीकृत असेल आणि आपण जुन्या करप्रणालीत असाल तरच मिळते, नव्या प्रणालीत ही वजावट नाही. 2,000 रुपयांवरील रोख देणगीही धरली जात नाही, म्हणून धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी आणि संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.