१४ फुटी जुन्या शिडाच्या होडीला नवीन मेनसेल घ्यायचंय, काय बघून घेऊ? थोडं मोठं घेतलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, आधीच्या मालकाच्या वेळचं आहे, कुठे फाटलेलं नाही, पण वारा जरा वाढला की होडी खूप कलते आणि वेग काही मिळत नाही, म्हणून नवीन घेताना मोठं घ्यावं का. आधी मोठ्याचं सांगतो, नका घेऊ. तुमची अडचण शीड लहान असण्याची नाहीये, त्याचा आकार गेलाय ही आहे, आणि मोठं शीड लावलंत तर होडी अजून कलेल, सुकाणू अजून जड होईल.

शीड फाटलं नाही म्हणजे चांगलं आहे असं नसतं हो. आपण कापड विकत घेत नाही, त्या कापडात शिवून आणलेलं पोट, म्हणजे फुगीर आकार, विकत घेतो, आणि ते पोट फाटायच्या कितीतरी आधी बिघडतं. एकदा मध्यम वाऱ्यात होडी वाऱ्यावर चढवत (वारा येतो त्या बाजूला तिरकी नेत) असताना कुणालातरी सुकाणू धरायला सांगा, बूमखाली, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीखाली, मधोमध पाठीवर झोपा आणि सरळ वर बघून फोटो काढा. चांगल्या मेनसेलचं पोट डोलकाठीपासून साधारण ४० ते ४५ टक्के अंतरावर सगळ्यात खोल असतं आणि तिथून मागच्या कडेपर्यंत सपाट होत जातं. जुन्या शिडात ती खोली अर्ध्याच्याही मागे सरकलेली दिसते आणि मागची कड, म्हणजे लीच, हूकसारखी वळलेली असते, मग वारा होडीला पुढे ढकलायचं सोडून आडवं ढकलतो आणि तोंड सारखं वाऱ्याकडे वळवतो. मात्र फोटो काढायच्या आधी हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) नीट ताणा, कनिंगहॅम (पुढची कड खाली ताणायची दोरी) असेल तर तोही ओढा, कारण पुढची कड ताणली की पोट पुढे येतं. ताणूनही आलं नाही तर समजा कापड संपलं. अजून एक, शिवणीवरून नखाने जरा जोर लावून घासा, दोरा पटापट तुटला तर उन्हाने तो कुजलाय. उन्हाने आधी दोरा जातो, कापड नंतर.

आता मापं, आणि इथे मी तुम्हाला हात जोडून सांगतो की जुनं शीड जमिनीवर पसरून त्याचं माप देऊ नका. मी पहिल्यांदा नेमकं तेच केलं होतं. माझ्या जुन्या शिडाच्या पुढच्या कडेत शिवलेला दोर वर्षानुवर्षांत आखडला होता, मागची कड उलट ताणून लांब झाली होती, आणि मी ते सगळं प्रामाणिकपणे मोजून पाठवलं. नवीन शीड आलं ते पुढच्या कडेला जवळजवळ एक वीत आखूड, बाकी शिलाई अगदी सुंदर, आणि शिवणाऱ्याची काहीही चूक नाही. म्हणून माप काठीचं घ्या. स्टीलची टेप हॅलयार्डला बांधा, टेपच्या टोकाला खाली ओढायला एक बारीक दोरीपण बांधून ठेवा (नाहीतर टेप वर अडकून बसते), आणि शिडाचं टोक जिथपर्यंत जाऊ शकतं तिथपासून बूमच्या वरच्या बाजूपर्यंत मोजा, हे झालं पी. डोलकाठीच्या मागच्या बाजूपासून बूमवर शीड जिथपर्यंत ताणता येतं ते ई. काठीवर आणि बूमवर काळे पट्टे असतील तर पट्ट्यापासून पट्ट्यापर्यंत. पी गुणिले ई भागिले दोन केलं की त्रिकोणाचं क्षेत्रफळ येतं, ५ मीटर आणि २ मीटर असेल तर ५ चौरस मीटर, मागच्या कडेच्या गोलाईचं थोडं वर. ही दोन मापं सगळेच विचारतात पण खालच्या पुढच्या कोपऱ्याची पिन काठीपासून किती मागे आहे, काठीच्या खाचेत दोर जातो की प्लास्टिकचे स्लग (शिडाच्या कडेला लावलेले छोटे सरकते तुकडे), त्यांची जाडी किती, काठी लवते का, हे तुम्हीच न विचारता लिहून द्या, फोटोसकट. लवणारी काठी असेल तर पुढच्या कडेला तेवढी गोलाई कापावी लागते, ताठ काठीचं शीड लवत्या काठीवर मधे चपटं पडतं.

कापडाबद्दल फार डोकं खपवू नका, साधं विणलेलं डॅक्रॉन घ्या, म्हणजे पॉलिएस्टरच. लॅमिनेट आकार छान धरतं पण घड्या, फडफड आणि ऊन त्याला सोसत नाही, रेस करणाऱ्यांसाठी ठीक. १४ फुटीला ४ औंसाच्या आसपासचं कापड बहुतेकदा पुरतं. हा शिडवाल्यांचा औंस वेगळा असतो, ३६ बाय २८.५ इंचाच्या तुकड्याचं वजन, म्हणजे १ औंस साधारण ४३ ग्रॅम प्रति चौरस मीटर, दोन कोटेशन्स तुलना करताना हे बघा नाहीतर एक औंसात आणि एक ग्रॅममध्ये असतं आणि गोंधळ होतो. कट क्रॉसकट घ्या, पट्टे मागच्या कडेला काटकोनात बसतात, दुरुस्तीलाही सोपं. जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ते रीफच्या (शिडाचा खालचा भाग गुंडाळून बांधायच्या सोयीच्या) एका ओळीवर घाला, नंतर बसवून घेणं महाग पडतं, आणि वारा वाढल्यावर शीड पाव हिश्शाने कमी करता येणं ही मी सुरक्षेची गोष्ट मानतो, हौसेची नाही.

तुमची होडी एखाद्या क्लासची, म्हणजे ठरलेल्या नियमांनी बनवलेल्या एकाच प्रकारच्या होड्यांच्या गटातली, असेल आणि कधी रेस करायची इच्छा असेल तर ऑर्डरआधी क्लासचे नियम वाचा. लेझर या छोट्या होडीचं उदाहरण घ्या, आता तिला आयएलसीए म्हणतात, आयएलसीए ७ चं शीड ७.०६ चौरस मीटर, आयएलसीए ६ चं ५.७६, आणि तंतोतंत त्याच मापाची स्वस्त शिडं मिळतात पण ती क्लासमान्य नसतात, सरावाला उत्तम, रेसला बाद. सेकंडहँड चालेल का विचारलंत, चालेल, पण वर सांगितलेला फोटो विक्रेत्याकडून मागवा, जमिनीवर पसरलेल्या शिडाच्या फोटोवरून काहीच कळत नाही.

नवीन आलं की पहिल्या दिवशी हलक्या वाऱ्यात चढवा, टोक वरच्या पट्ट्याच्या खाली थांबतंय ना, बॅटन (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) खिशांत घट्ट आहेत ना बघा, आणि परत बूमखाली झोपून तोच फोटो काढा. काही खटकलं तर तो फोटो लगेच शिवणाऱ्याला पाठवा, पहिल्या काही दिवसांत सांगितलं तर बरेच जण कड थोडी कमीजास्त करून देतात.