उत्तर बघू नकोस

पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. तीन संध्याकाळी पेंटोमिनोचे, म्हणजे पाच-पाच चौकोनी घरं जोडून केलेल्या आकारांचे, बारा तुकडे सहा बाय दहाच्या चौकटीत बसवत होतीस, शेवटचा तुकडा काही केल्या बसेना. चौथ्या दिवशी व्हिडिओ लावलास आणि चाळीस सेकंदांत सगळं संपलं. आता ते खोकं उघडावंसं वाटत नाही म्हणतेस. ‘मला गणिताचं डोकंच नाही का?’ असं विचारतेस. डोक्याचा इथे काही संबंध नाही. तू उत्तर पाहिलंस, म्हणून खोकं उघडवत नाही.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. दुसऱ्या संध्याकाळी तुझ्या लक्षात आलं की मध्ये कुठे चार किंवा सहा घरांची बंद पोकळी राहिली की तो डाव गेलाच, कारण प्रत्येक तुकडा पाच घरांचा. ही ओळ तू कंसात लिहिलीस. कंसात! अगं, त्या तीन दिवसांतलं गणित ते तेवढंच होतं, आणि ते तुझं तू शोधलंस. पोकळी पाचाच्या पटीतली हवी हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, तुकडे उचलून ठेवताना बोटांना कळलं. व्हिडिओवाल्याने तुला त्यातलं काय दिलं? एक चित्र. म्हणून सांगतो, उत्तर बघू नकोस. अडलीस तर अडून रहा.

माझं एक कोडं असंच हातातून गेलं, त्याची चुटपुट अजून आहे. तुला ते ठाऊक आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. बुद्धिबळाच्या पटाचे कर्णावरचे दोन टोकाचे कोपरे कापले, राहिली ६२ घरं. एक डोमिनो दोन घरं झाकतो. मग ३१ डोमिनोंनी पट झाकता येईल का? मी सोळा वर्षांचा होतो. ज्याने कोडं घातलं त्याने त्याच दमात उत्तरही सांगितलं: कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे, डोमिनो मात्र दर वेळी एक काळं नि एक पांढरं घर झाकतो, म्हणून शक्य नाही. मला ते इतकं आवडलं की पुढे कितीतरी जणांना ऐकवलं. पण मी त्या पटावर एकही डोमिनो ठेवला नव्हता. ते कोडं माझ्या वाट्याला आलंच नाही, आणि आता येणारही नाही. ऐकलेलं उत्तर विसरता येत नाही.

पुढे मुलांबरोबर कोडी सोडवायचा तास घेऊ लागलो तेव्हा एक गोष्ट ठरवून केली. पट रंगवलेला दिला नाही. साध्या कागदावर रेघा मारलेली ६२ घरं आणि पुठ्ठ्याचे डोमिनो, बस्स. एक अबोल मुलगा होता. तीस डोमिनो बसायचे, दोन घरं उरायची. उरलेल्या घरांवर तो पेन्सिलीने ठिपका द्यायचा, सगळं उचलायचा, पुन्हा मांडायचा. दोन तास गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच कागद. मग एकदम थांबला आणि म्हणाला, ‘ठिपके शेजारी शेजारी कधीच येत नाहीत.’ मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने त्याने ठिपक्यांची घरं एक सोडून एक अशी भरायला घेतली आणि कागदावर बुद्धिबळाचा पट उमटला. रंग त्याने स्वतः शोधून काढले, कळतंय का तुला? मला जे आयतं मिळालं होतं, ते त्याने फसलेल्या डावांतून उभं केलं.

याच कारणावरून तो तास माझ्याकडून काढून घेतला. मुलं रडवेली होऊन घरी येतात, मास्तर उत्तर सांगत नाही, अशी तक्रार झाली. त्यात तथ्य होतं. एक मुलगी दोनदा येऊन परत आली नाही, तिची आठवण मला आजही होते. तिच्या शेजारी मी अधिक वेळ बसायला हवं होतं. ‘आतापर्यंत काय दिसलं?’ एवढं तरी विचारायला हवं होतं. पण उत्तर सांगायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आज तर मुळीच वाटत नाही. सोबत करणं वेगळं आणि उत्तर सांगून टाकणं वेगळं. हे मी त्या लोकांना पटवू शकलो नाही. निदान तुला तरी पटावं.

वेळ वाया जातो, असं तू म्हणशील. एर्नो रुबिकने १९७४ मध्ये आपला रंगीत घन, म्हणजे रुबिक क्यूब, बनवला, तेव्हा स्वतःच फिरवलेला घन जागेवर आणायला त्याला महिनाभर लागला. त्याला उत्तर दाखवणारं जगात कुणी नव्हतं, हे मी त्याचं भाग्य समजतो. आणि तू तीन संध्याकाळींचा हिशोब मांडतेस!

पत्र वाचून झालं की कागदाची एक लांब पट्टी घे, एका टोकाला अर्धा पीळ देऊन दोन्ही टोकं चिकटव आणि मधोमध कापत जा. मग तशीच दुसरी पट्टी कर. या वेळी कडेपासून एक तृतीयांश रुंदी धरून काप. काय होतं ते मी लिहिणार नाही, तूही कुठे शोधू नकोस. कात्री लावण्याआधी तुझा अंदाज मात्र लिहून ठेव. अंदाज चुकला तर त्यावर काट मारू नकोस, का चुकला ते त्याच्याखाली लिही.

आणि ते खोकं उघड. चौकट फिरवून किंवा उलटवून होणाऱ्या मांडण्या वेगळ्या धरल्या नाहीत, तरी सहा बाय दहाच्या २३३९ मांडण्या आहेत. व्हिडिओने तुझी एक घेतली, २३३८ शिल्लक आहेत. (तीन बाय वीसच्या फक्त दोन. तिकडे इतक्यात जाऊ नकोस.) अधिकच्या चिन्हासारखा तुकडा आधी ठेव, अगदी कोपऱ्यात ठेवून बघ, तुझाच पाचाच्या पटीचा नियम तुला काय सांगतो ते दिसेल. डाव फसला की मांडणी चौकटीच्या कागदावर उतरव, उरलेली घरं रंगव आणि मगच मोड.

पुढच्या पत्रात ते कागद पाठव. जमलेली मांडणी नको, फसलेल्या सगळ्या पाठव.