आजी "हबशीण" का म्हणाली?

प्रिय चिऊ,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुझ्या मैत्रिणीला बघून आजी म्हणाली, "ही हबशीण कोण गं?" मैत्रिणीला मराठी येत नाही, तुला येतं. रात्री तू विचारलंस, "आजी वाईट आहे का? आणि तू का गप्प बसलीस?" त्याचं उत्तर देतेय.

आधी शब्द. हबश म्हणजे अरबीत आजच्या इथिओपियाचा मुलूख, तिथला तो हबशी. मलिक अंबर तिथलाच. गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा सगळा कारभार त्याच्या हाती आला. त्याने वसवलेली खडकी म्हणजेच नंतरचं औरंगाबाद. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. शिवरायांच्या गोष्टी सांगताना आम्ही हे सांगतच नाही. मुलांपर्यंत पोचतो तो नुसता शब्द, तोही काळ्या रंगाला नाक मुरडून उच्चारलेला.

हे नाक मुरडणं कुणी शिकवायला बसत नाही. बाळ जन्मलं की कानाची पाळी बघून "रंग उजळेल हो" म्हणतात. गरोदर बाईला गोऱ्या बाळासाठी केशराचं दूध देतात. केशराने बाळाचा रंग बदलत नाही. तो त्वचेतल्या मेलॅनिनवर ठरतो आणि त्याचं प्रमाण आईवडिलांकडून येतं. स्थळ सांगताना "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस". त्या 'पण'कडे लक्ष दे. पोर शेजारी खेळत असतं, त्याला कुणी काही सांगत नाही, पण ते ऐकतं. विठोबाला सावळा म्हणताना ज्यांचा गळा दाटून येतो, त्याच घरात हे चालतं. मला याचं कोडं अजून सुटलेलं नाही.

नवजात बाळ वंशावरून चेहऱ्यांत भेद करत नाही. तीन महिन्यांचं झालं की रोज दिसणाऱ्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघतं. पण आपल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही वंशांची माणसं आसपास असतील, तर हा कल दिसत नाही. म्हणजे घरी कोण येतं-जातं, यालाही महत्त्व आहे.

आजी वाईट नाही. पण "जुनी माणसं आहेत, सोडून दे" हेही मला पटत नाही, कारण असं सोडून देत देतच तो शब्द तुझ्यापर्यंत आला. माझं गप्प बसणंही त्यातलंच. मोठे गप्प बसले की मुलांना वाटतं, हे चालतं.

तुला बोलावंसं वाटलं तर चारचौघांत आजीला चूक ठरवू नकोस. ती दुखावेल, "आता बोलायचीही चोरी" म्हणेल आणि तुझ्यासमोर बोलायची थांबेल, तुझ्यामागे नाही. एकटी असताना शांतपणे विचार, "आजी, हबशीण म्हणजे काय गं?" अर्थ सांगू लागली की तिचं तिलाच अडखळायला होईल. मग मैत्रिणीचं नाव सांग आणि दर वेळी नावानेच बोल. ती पुन्हा तेच म्हणाली तर चिडू नकोस, पुन्हा नाव घे. एका फोनवर हे व्हायचं नाही.

हे करायलाच हवं असं नाही. येत्या रविवारी आधी मी बोलणार आहे, तू खोलीत नसताना. मैत्रिणीला काय सांगायचं, ते तू ठरव. हवी असेन तर मी बरोबर बसेन.

तुझी,
आई