नोकरी सांभाळून तत्त्वज्ञान पायापासून शिकायचंय, कोणता ऑनलाइन कोर्स करू?

हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांच्या ‘जस्टिस’ (न्याय) या कोर्सपासून सुरुवात करा. १२ भाग आहेत, यूट्यूबवर फुकट. पहिल्याच तासाला ते विचारतात: ट्रॉलीचे ब्रेक निकामी झालेत, समोर रुळावर ५ कामगार, बाजूच्या रुळावर १. वळवाल? बहुतेक हात वर जातात. मग पुलावरच्या जाड्या माणसाला ट्रॉलीसमोर खाली ढकलून, ती अडवून तेच पाचजण वाचवाल का, म्हटल्यावर हात पटापट खाली! तिथेच व्हिडिओ थांबवा आणि तुमचं कारण वहीत लिहा. खरं शिकणं तिथे होतं. मी आधी नुसतं ऐकत गेले, तर आठवडाभरात सगळं विसरले.

ज्ञान म्हणजे काय, मन म्हणजे काय, हे प्रश्न जास्त ओढत असतील तर कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर एडिनबरा विद्यापीठाचा प्राथमिक कोर्स आहे. सर्टिफिकेटसाठी पैसे भरायची घाई करू नका.