टप उघडायचा, पण कोणत्या गाडीचा?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : घरी एसयूव्ही आहे. दुसरी गाडी म्हणून कन्व्हर्टिबल, म्हणजे टप (छप्पर) उघडणारी गाडी, घ्यायचे ठरले आहे, ऑन-रोड (कर-विम्यासह) दीड कोटीच्या आत. बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय, मर्सिडीज-बेंझ सीएलई ३०० कॅब्रिओले आणि मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल पाहून झाल्या. मन झेड४ वर आहे. मुले दोन, आठ आणि अकरा वर्षांची. काय घ्यावे? (धरमपेठ)

उत्तर : नागपुरात कन्व्हर्टिबल टप बंद ठेवून पारखायची. शोरूमवाले नेमके उलटे करतात. आधी टप उघडून दाखवतात, आणि मग ग्राहकाला दुसरे काही दिसत नाही.

आपले वर्ष कसे जाते ते बघा. एप्रिलपासून मृग लागेपर्यंत पारा बेचाळीसच्या पुढे, मे महिन्यात पंचेचाळीसही ओलांडतो. मग सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस आणि चिकचिकीत ऊन, वर ऑक्टोबर हीट. उघड्या टपाचा खरा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास आटोपतो. त्यातही सकाळी साडेनऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. म्हणजे ही गाडी बहुतेक वेळ बंद टपानेच चालणार.

झेड४ मध्ये ३ लिटरचे सरळ सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे. ताकद ३४० अश्वशक्ती, टॉर्क (इंजिनाची ओढ) ५०० एनएम, शून्य ते शंभर साडेचार सेकंदांत. चालवायला तिघींत ही सरस, यात वाद नाही. कापडी टप १० सेकंदांत उघडतो, ५० किमी वेगापर्यंत. तो स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात घडी होत असल्यामुळे डिकीची २८१ लिटर जागा टप उघडा असो वा बंद, तेवढीच राहते. पण सीट दोनच. आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांपैकी कोणाला घरी ठेवायचे, हा वाद दर रविवारी होईल. शिवाय ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि रस्ता यांतले अंतर) सुमारे ११४ मिमी आहे. आपल्या गल्लीबोळांतले हौशी स्पीड ब्रेकर लक्षात घेता हा आकडा विसरू नका. आणखी एक : झेड४ च्या या पिढीच्या उत्पादनाचे २०२६ हे शेवटचे वर्ष. भाव उतरवून घ्यायला हा मुद्दा हाताशी असू द्या, आणि गाडीच्या निर्मितीचा महिना-वर्ष चॅसी नंबरवरून ताडून पाहा. वर्षभर यार्डात उभी असलेली गाडी असेल तर बॅटरी नवी मागा आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड (आठवडा आणि वर्ष) वाचा.

सीएलई ३०० ऑगस्ट २०२४ मध्ये १.१० कोटी एक्स-शोरूमला (रस्ता कर आणि विमा सोडून) भारतात आली. २ लिटर, चार सिलिंडर, २५८ अश्वशक्ती, ४०० एनएम, चारही चाकांना ताकद. टप उघडायला २० सेकंद, ६० किमी वेगापर्यंत. टपाचे कापड अनेक थरांचे असल्यामुळे आत शांतता चांगली राहते. मागे दोन खऱ्या सीट आहेत. मोठ्या माणसाचे गुडघे दोन तासांत कुरकुरतील, पण तुमच्या मुलांना पाच-सहा वर्षे सहज पुरतील. डिकी टप बंद असताना ३८५ लिटर, उघडल्यावर २९५. आपल्याकडच्या उन्हाला उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी ब्रोशरमध्ये मागच्या पानांवर असतात : सीटच्या चामड्यावर ऊन परतवणारा लेप, आणि मधल्या टचस्क्रीनचा कोन बदलण्याची सोय. टप उघडल्यावर सरळ उभ्या स्क्रीनवर दुपारी काहीही वाचता येत नाही.

मिनी डिसेंबर २०२५ मध्ये ५८.५० लाखांना आली. २०४ अश्वशक्ती, पुढच्या चाकांना ताकद. टप १८ सेकंदांत उघडतो, पण ३० किमी वेगापर्यंतच. डिकी अगदीच लहान : २१५ लिटर, टप उघडल्यावर १६०. तिची एक खुबी मात्र दोघींकडे नाही. टप पूर्ण न उघडता पुढून ४० सेंमी सरकवून सनरूफसारखा ठेवता येतो. मार्चच्या सकाळी हेच जास्त वापरले जाते.

आमचे मत : तुमच्या घराला सीएलई. झेड४ तेव्हाच, जेव्हा नवरा-बायको दोघांचीच गाडी म्हणून घेताय आणि मुलांनाही ते मान्य आहे. मिनी शहरात मजेची, पण पचमढीला चौघे आणि सामान घेऊन जायची नाही.

सही करण्यापूर्वी टेस्ट ड्राइव्ह दुपारी एक वाजता मागा. गाडी बंद टपाने चाळीस मिनिटे उन्हात उभी करून ठेवा. मग एसी सुरू करून मागच्या सीटवर मुलांना बसवा आणि थंडावा तिथे पोचायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात बघा. नंतर खडबडीत रस्त्यावर ३० किमी वेगाने, एका बाजूची चाके खड्ड्यात घालत न्या. पक्का टप नसलेल्या गाडीचे अंग पिळवटते. आरशातले चित्र आणि स्टिअरिंगचा खांब थरथरतो का ते पाहा. थोडी थरथर सगळ्यांत असते, कुरकुर मात्र नको. घरच्या बॅगा सोबत न्या आणि टप उघडा ठेवून डिकीत घालून बघा. शेवटी बंद टपाने रिव्हर्स पार्किंग करा. मागचा खांब जाड आणि काच लहान, त्यामुळे तिरकस मागचे फारसे दिसत नाही. कॅमेऱ्यावर किती विसंबावे लागते ते तिथेच कळेल.

प्रश्न : कापडी टप नागपूरच्या उन्हात किती टिकेल? आमच्याकडे शेड नाही, गाडी कडुलिंबाखाली उभी राहील. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : कापडाला ऊन तितके मारत नाही, जितका कचरा मारतो. हा टप म्हणजे नुसते कापड नसते. वर विणलेला थर, मध्ये रबराचा, खाली अस्तर. वरच्या थरावर पाणी न मुरू देणारा लेप असतो. तो उन्हाने आणि शाम्पूने हळूहळू जातो. पाण्याचे थेंब टपावर मोत्यांसारखे न थांबता कापड काळपट ओले दिसू लागले, की लेप संपला समजा. कापडी टपासाठीच असलेला स्प्रे वर्षातून दोनदा मारा : एकदा मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, आणि एकदा दिवाळीनंतर. मारण्याआधी टप धुतलेला आणि पूर्ण कोरडा हवा. काचा आणि रंग झाकून घ्या. डाग पडले तर लगेच ओल्या फडक्याने पुसा.

धुताना आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, विणीच्या दिशेने. मग साधे पाणी, सौम्य शाम्पू, पुन्हा भरपूर पाणी. प्रेशर वॉशरचा फवारा शिवणीवर आणि रबरावर कधीच नको. कोपऱ्यावरच्या वॉशिंग सेंटरला हे आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. पक्ष्यांची विष्ठा वाळू देऊ नका. ओले फडके दहा मिनिटे ठेवून मऊ करा आणि उचला, घासू नका. ओला टप घडी करू नका. घडीत बुरशी धरते, वास लागतो आणि पांढरे डाग पडतात ते जात नाहीत.

कडुलिंबाची खरी अडचण पानगळीत. बारीक पाने टपाच्या मागच्या कडेने आत घसरतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी साचतात. नळी तुंबली की पाणी उलटे फिरून गालिच्याखाली आणि डिकीत उतरते. तिथेच बऱ्याच गाड्यांत टपाचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. मालकाला कळते ते टप हलेनासा झाल्यावर. म्हणून मार्चअखेर आणि पुन्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात टप अर्धा उघडून खाच हाताने साफ करा, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर पाणी सावकाश ओता. मागच्या चाकाजवळ खाली धार दिसली पाहिजे. पाणी साचून राहिले तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हलक्या हाताने घाला. लोखंडी तार नको, नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवाही नको, सांधा सुटतो आणि मग आतले अस्तर उघडावे लागते.

रबरी सीलना तीन महिन्यांतून एकदा सिलिकॉनचे किंवा रबरासाठीचे क्रीम लावा. व्हॅसलीन आणि ग्रीस लावू नका, रबर फुगते. गाडी उभी राहणार असेल तर टप बंद ठेवून. महिनोन्महिने घडीत राहिलेले कापड आक्रसते. उन्हाळ्यातही पंधरा दिवसांतून एकदा सकाळी टप उघड-बंद करा, म्हणजे सील चिकटत नाहीत.

साधी पत्र्याची शेड टाकली तर यातले निम्मे कष्ट वाचतात.

प्रश्न : सेकंड-हँड घ्यायची आहे. पत्र्याचा घडीचा टप असलेली झेड४ बघतो आहे. तो कापडापेक्षा बरा ना? (जरीपटका)

उत्तर : बंद असताना बरा. शांत, थंड आणि चोरापासून सुरक्षित. उघडल्यावर मात्र डिकी खातो. २००९ ते २०१६ मधली पत्र्याच्या टपाची झेड४ बंद असताना ३१० लिटर देते आणि उघडल्यावर १८०. एक चपटी बॅग, बस्स. सांधे, मोटारी आणि हायड्रॉलिक नळ्याही कापडी टपापेक्षा जास्त. तपासताना इंजिन सुरू ठेवून टप सलग दोनदा उघडा आणि बंद करा. दोन्ही बाजू एकाच वेळी हलल्या पाहिजेत. आवाज एकसारखा हवा. मध्येच घोगरा झाला तर तेल कमी आहे किंवा पंप थकला आहे. डिकीच्या अस्तरावर तेलकट डाग शोधा. मग गालिचा उचलून हात घाला. ओल लागली किंवा नुसता कुबट वास आला, तरी सौदा थांबवा.

त्याआधीची, २००२ ते २००८ ची कापडी झेड४ कोणी दाखवली तर एक गोष्ट आवर्जून बघा. तिच्या टपाचा हायड्रॉलिक पंप पाणी निचऱ्याच्या खोलगट जागेतच बसवला आहे. नळी तुंबली की पंप पाण्यात बुडतो आणि जळतो. या गाडीचे हे जगजाहीर दुखणे आहे. पंप बदललाय का आणि बदलताना वर डिकीत हलवलाय का, ते बिलासकट विचारा.

प्रश्न : टप अर्ध्यात थांबतो. बटण दाबले तर नुसता आवाज येतो. (वर्धा रोड)

उत्तर : हाताने ढकलू नका, सांधा वाकतो. इंजिन सुरू करा आणि बटण शेवटपर्यंत, काचा वर येईतो, दाबून धरा. डिकीतला पडदा (सामान टपाच्या जागेत येऊ न देणारा) खाली ओढलेला आहे का आणि त्यावर सामान टेकले आहे का, ते बघा. तो नीट बसला नसेल तर बहुतेक गाड्या टप हलूच देत नाहीत. गाडी सपाट जागी घ्या. पाहुण्यांना दाखवण्याच्या नादात चार-पाच वेळा उघड-बंद केले असेल तर पंप तापून स्वतःच थांबतो, पंधरा मिनिटे द्या. एवढे करूनही हलला नाही तर बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवे, १२.२ च्या खाली असेल तर दोष टपाचा नाही. आठवड्यातून एकदाच निघणाऱ्या गाडीला घरी देखभाल चार्जर (बॅटरी भरलेली ठेवणारा) लावून ठेवावा. हाताने टप बंद करायची रीत गाडीच्या पुस्तकात असते. ती वर्कशॉपमध्ये एकदा करून घ्या, पावसात रस्त्यावर शिकू नका.

प्रश्न : गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर फायदा आहे का? विम्याचे काय? (सिव्हिल लाइन्स)

उत्तर : महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के एकरकमी कर आहे. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के. १ जुलै २०२५ पासून कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली. या गाड्या पूर्ण बांधूनच परदेशातून येतात, म्हणजे नाव कोणाचेही असो, दर २० टक्केच. कोटेशनमध्ये दर आणि रक्कम दोन्ही लिहून घ्या, १.१० कोटीवर २० टक्के म्हणजे २२ लाख. जीएसटीचे क्रेडिट अशा प्रवासी गाडीवर मिळत नाही, घसारा १५ टक्के मिळतो. एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने गाडी विकताना घेतलेला आयकर) रिटर्नमध्ये वळता होतो, तो खर्चात धरू नका.

विम्यात झिरो डेप (भागांच्या जुनेपणाची घट न कापणारे कव्हर) हवाच. साध्या पॉलिसीत रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते. टपाचे कापड आणि सील कोणत्या गटात धरणार, हे विमा कंपनीकडून ईमेलवर घ्या, एजंटच्या तोंडी नको.

प्रश्न : हिवाळ्यात उघड्या टपाने समृद्धीवरून जायला मजा येईल ना? (मनीषनगर)

उत्तर : फारशी नाही. १२० च्या वेगाला वाऱ्याचा आवाज गप्पा बंद पाडतो आणि उन्हात तासाभरात डोके दुखते. उघड्या टपाची मजा साठ ते ऐंशीच्या वेगात, काचा वर आणि मागे वारा अडवणारी जाळी लावून. कोराडी-खापरखेड्याकडे राखेचे ट्रक असतात, तिकडे टप बंदच बरा. काटोलचा रस्ता घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहार फुलतो, तो वास बंद गाडीत येत नाही. संक्रांतीच्या आधी-नंतरचे पंधरा दिवस शहरात आणि उड्डाणपुलांवर टप बंद ठेवा. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो आडवा येतोच, आणि मागे बसलेल्या मुलांपुढे काच नसते. रामटेकला गड चढायच्या आधी गाडीतला खाऊ काढून घ्या आणि टप लावा. तिथल्या माकडांना कापडी टप आणि झोपाळा यांतला फरक कळत नाही.